माळ्यावरच्या टाइल्स

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याचं फिरतं घर करून घेतलं. सदाशिव पेठेत तो उभा करायला जागा कुठली? म्हणून तो विश्रांतवाडीला माझ्या भावाच्या दारात असतो. आत छोटा ओटा आहे, शेगडी आहे. शेगडीमागच्या पत्र्यावर फोडणीचे डाग दिसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, बाजारात चिकटवायचे पुसता येणारे कागद मिळतात, त्यातला एक लावू. ह्यांना मात्र घरच्या स्वयंपाकघरात लावून उरलेल्या टाइल्स आठवल्या. वीस वर्षं त्या माळ्यावर पडून होत्या.

"घरात वस्तू असताना विकत कशाला आणायची?"

त्या बसवायला बोलावलेला गवंडी म्हणाला, "काका, गाडी हलते."

"मी सावकाश चालवतो," हे म्हणाले. विषय संपला.

टाइल्स लावल्यावर पहिल्याच फेरीला आळंदी रस्त्यावर दुसऱ्या स्पीडब्रेकरला एक टाइल सुटून शेगडीवर आपटली. तिसऱ्याला सगळी रांगच हलायला लागली. मी धडपडत उठले आणि दोन्ही तळहात टाइल्सवर दाबून उभी राहिले. संताप असा झाला होता, पण हात सोडून भांडता येईना.

"अहो, गाडी थांबवा. टाइल्स पडतायत!"

"सगळ्या?"

"नाही, बाकीच्या मी धरल्यात."

"मग काळजी नाही," हे म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.