पोरं जिना कशी चढणार?

शेजाऱ्यांची काळजी घेणारा आमच्या घरमालकांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यांचे निम्मे शेजारी कोणाला दिसत नसत. मी मूळचा नांदेडचा. नगररचना कार्यालयात नकाशांचं काम मिळालं म्हणून पौडजवळ त्यांची मागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी आबा (सगळा गाव त्यांना आबाच म्हणे) बांधावर उभे राहून रिकाम्या माळाकडे ओरडले, "चला रे, दिवं लागलं!" मला वाटलं, नातवंडं असतील. कोणीच आलं नाही. आबा मात्र कोणाला वाट द्यावी तसे बाजूला सरकले, जरा थांबले आणि घरात आले. माळाच्या मधून ते कधी चालत नसत. भर उन्हात डोक्यावर खताचं पोतं असलं तरी लांबचा वळसा. एकदा मी मधून निघालो, तर दबक्या आवाजात म्हणाले, "सायेब, कडंनं. निजल्यात." मी कडेने गेलो, आणि मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

मग हळूहळू कळलं. धरणात बुडालेल्या गावांतली काही कुटुंबं आबांच्या आजोबांच्या काळात एक हिवाळा या माळावर पालं ठोकून राहिली होती. तापाची साथ आली. अकरा पोरं तिथेच पुरली. कुटुंबं पांगली, आणि कागदोपत्री तो माळ नुसता 'पडीक' राहिला. "त्यास्नी मागं कुनी न्हाई," आबा म्हणत, "म्हनून मी हाय."

त्याच सुमाराला आमच्या कार्यालयात व्यापारी आणि ऑफिसांच्या इमारतींचे नियम नव्याने ठरत होते. आबांचा माळ मीच माझ्या हाताने नकाशावर निळा, म्हणजे व्यापारी, केला. इमारतीसाठी जमीन द्यायला आबांची ना नव्हती. गुडघे गेले होते, कसायला कोणी उरलं नव्हतं. पण इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा आता वाहनतळाच्या छतावरही चालेल, असं मसुद्यात होतं. मी ते वाचून दाखवल्यावर आबांनी कप खाली ठेवला. "पोरं जिना कशी चढनार?"

त्यांनी रीतसर हरकत नोंदवली. पौडला सुनावणी झाली. अधिकारी बाईंनी मायेने विचारलं, "किती मुलं आहेत, आबा?"

"अकरा."

"वयं?"

"दोनपास्नं नऊपतोर."

"शाळेत जातात?"

"न्हाई. वाढत न्हाईत."

मागे कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. आबा म्हणाले, "माती उकरू नगा. तेवढं आभाळ उघडं ऱ्हाऊ द्या. बाकी काय बी बांधा."

बाई स्वतः जागा पाहायला आल्या. भर दुपार होती, पान हलत नव्हतं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं आबांच्या. ताणलेली टेप मधोमध हलकेच वर उचलली जाऊ लागली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, कोणी खालून वाकून पळत जावं तशी. मी मोजत नव्हतो. आबा मोजत होते, ओठ हलवत. बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

अंतिम नियमांत एक ओळ वाढली: जुनी दफनाची जागा असेल, तिथे मोकळी जागा जमिनीवरच, न खोदता.

जमीन दिल्यावर आबा उरवड्याला लेकीकडे राहायला गेले. मंजूर नकाशा घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं. मी त्यांचं बोट धरून मोकळ्या जागेच्या हिरव्या चौकोनावर ठेवलं. "हितं?" त्यांनी विचारलं. "इथंच, आबा." बोटाखाली तो चौकोन सगळाच्या सगळा झाकला गेला. "लई बारकी जागा झाली," ते हसून म्हणाले, "पर मावतील." लेकीने जेवायला दोनदा हाक मारली. आबांनी बोट उचललं नाही, आणि मलाही नकाशा गुंडाळवेना.