हा प्रोग्रॅम आता वापरू नका

नवऱ्याला झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून आत गेले, तर ते भिंतीला टेकून खाली बसलेले, एका गालाला अजून फेस, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. काय होतंय, असं मी विचारलं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण जे बाहेर आलं ते शब्द नव्हते.

उमरग्यात दवाखाने पुष्कळ आहेत. जवळच्या डॉक्टरांनी बघितलं आणि इथं थांबू नका, सोलापूरला न्या म्हणाले. अँब्युलन्समध्ये मी त्यांचा उजवा हात धरून बसले होते. हात गरम होता, पण मी दाबला तर तो उलट दाबत नव्हता. सासूबाई माझ्या समोर बसल्या होत्या. नवरा आईला अव्वा म्हणायचे, लग्नानंतर मीही अव्वाच म्हणू लागले. सोलापूर येईपर्यंत अव्वा पदराआड गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नुसत्या लेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. जीव वाचला हे मोठं समजा, असं डॉक्टर म्हणाले. मी समजायचा प्रयत्न केला.

घरी आणलं तेव्हा ते खाटेवर पडून छताकडं बघायचे. मी मराठीत काही विचारलं की कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ हलायचे, आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. एका सकाळी अव्वा त्यांना पेज भरवत होत्या आणि मी स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकलं, ‘साकु.’ पुरे. मी हातातलं टाकून धावत गेले. अव्वांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी आणखी दोन शब्द आले. ‘नीरु’, म्हणजे पाणी, आणि ‘ब्याड’, म्हणजे नको. तिन्ही कन्नड.

डॉक्टरांना फोन केला. कधीकधी असं होतं म्हणाले, लहानपणी पहिल्यांदा शिकलेली भाषा आधी परत येते, बाकीच्या मागून येतात, किंवा येत नाहीत. नवऱ्याच्या घरात कन्नडच बोलायचे. मराठी त्यांना शाळेत आली. मी कळंबची. मला कन्नड येत नाही. अव्वा माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि नवरा तर पहिल्या दिवसापासून मराठीतच, त्यामुळं इतक्या वर्षांत शिकायची वेळच आली नव्हती. आमचा सगळा संसार मराठीत झाला होता, आणि तीच भाषा त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती.

नवऱ्याचा फोन तोपर्यंत कपाटात वाजत पडला होता. नातेवाइकांचे फोन येऊन गेले तरी तो थांबेना. शेवटी मी बघितलं. सगळे मेल इंग्रजीत होते, अनोळखी लोकांचे, आणि सगळे त्यांच्या प्रोग्रॅमबद्दल.

त्या प्रोग्रॅमबद्दल मला थोडंफार माहीत होतं. नवरा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायचे, पण सकाळी चहाच्या आधीचा वेळ त्यांचा स्वतःचा असायचा. त्या वेळात त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते त्याच्या पुढं तो बसतो. येणारा खरंच पान बघायला आलाय की आत घुसायला फट शोधतोय हे ओळखतो आणि घुसणाऱ्याला बाहेरच्या बाहेर परतवून लावतो. सर्व्हरवरचा भार कमी होतो आणि खऱ्या माणसाला पान पटकन मिळतं. तो ओपन सोर्स होता. म्हणजे आतलं सगळं लिखाण, त्याला ते कोड म्हणायचे, कुणीही वाचावं, फुकट वापरावं, हवं तर बदलावं. मी एकदा विचारलं होतं, फुकट कशाला करता एवढं. ‘मीबी दुसऱ्यांचं फुकटच वापरतो की,’ म्हणाले. घरात निवांत असले की ते असं बोलायचे.

मी हायस्कूलला गणित शिकवते. मेल वाचून अर्थ लावता येत होता. पहिला मेल एका परदेशी माणसाचा होता, झटका आला त्याच आठवड्यातला. प्रोग्रॅममध्ये त्याला एक भोक सापडलं होतं. ठरावीक पद्धतीनं वेडीवाकडी मागणी पाठवली की तपासणी बंद पडते आणि कुणालाही आत जाता येतं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तुम्ही दुरुस्ती करेपर्यंत गप्प राहतो, पण नव्वद दिवसांची मुदत संपली की लोकांना सावध करावं लागेल, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानंतर त्याचे आणखी मेल होते. मिळालं का. सगळं ठीक आहे ना. कृपया एक ओळ तरी लिहा.

बाकीचे लोक ते भोक माहीत नसताना लिहीत होते. कुणाला नवीन आवृत्ती हवी होती, कुणाला अडचण होती. उत्तर न आल्यानं काही चिडले होते. एकानं लिहिलं होतं, हा माणूस मेला का? मी फोन पालथा ठेवला.

पुण्याच्या कंपनीत त्यांच्याबरोबर काम करणारे एक सहकारी होते, मला वहिनी म्हणायचे. त्यांना फोन लावून सगळं सांगितलं. दुरुस्ती अवघड नाही, मीच करून देतो, असं ते म्हणाले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा परत फोन आला. आवाज वेगळा होता. दुरुस्ती लिहून तयार आहे, पण ती लोकांपर्यंत पोचवता येत नाही, म्हणाले. नवीन आवृत्तीवर नवऱ्याची डिजिटल सही लागते. हा प्रोग्रॅम चालवणारे जगातले सगळे सर्व्हर आधी ती सही तपासतात आणि ती नसेल तर दुरुस्ती घेतच नाहीत. सहीची किल्ली लॅपटॉपमध्ये होती, पण ती उघडायला एक परवलीचं वाक्य लागत होतं, आणि ते फक्त नवऱ्याच्या डोक्यात होतं.

‘काहीतरी वाट असेल की,’ मी म्हणाले.

‘वाट असती तर कुणीही चोर त्यांच्या नावानं काहीही पाठवू शकला असता, वहिनी. म्हणून त्यांनी ती ठेवलीच नाही.’

लॅपटॉप नवऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटानं उघडायचा. मी खाटेवर बसले, तो लुळा हात मांडीवर घेतला, पहिलं बोट सरळ केलं आणि कीबोर्डाच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टेकवलं. स्क्रीन लागली. नवरा माझ्याकडं बघत होते. मी काय करतेय ते त्यांना कळत होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यांना न विचारता त्यांचं बोट वापरल्याची मला लाज वाटली. मग मी विचारलं. मराठीत सांगितलं, खुणा केल्या, परदेशी माणसाचा मेल दाखवला. मी अव्वांना म्हणाले, तुम्ही विचारा कन्नडमध्ये, कुलपाचे शब्द काय म्हणून. अव्वांनी विचारलं. ह्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला, ओझ्याखाली सापडलेल्या माणसासारखा.

आम्ही त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि डाव्या हाताखाली कीबोर्ड दिला. ते एक-एक अक्षर शोधून दाबू लागले. स्क्रीन नाही म्हणाली. परत दाबलं. परत नाही. अक्षरं तर त्यांची त्यांनाच ओळखू येत नव्हती. एकाच बटणावर बोट ठेवून ते माझ्याकडं बघायचे, हेच का, म्हणून. मला काय माहीत हेच का ते. कपाळावर घाम साचला, तरी ते थांबेनात. मी ‘राहू द्या’ म्हणत होते आणि मनातून वाटत होतं, एकदा, अजून एकदाच बघा. शेवटी त्यांनी लॅपटॉप ढकलून दिला. तो खाटेवरून खाली गेला. अव्वा मला म्हणाल्या, ‘त्येला आता काय मागू नगंस, बाई. त्येच्यापशी काय न्हाय ऱ्हायलं.’

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

दोन दिवसांनी ते काहीतरी वेगळं म्हणू लागले. ‘कोडु. कोडु.’ मला वाटलं, कोड म्हणतायत. त्यांचा कोड. आठवलं बहुतेक. मी लॅपटॉप आणून पुढं ठेवला. त्यांनी मान हलवली, ब्याड. आणि परत, ‘कोडु.’ अव्वा दारात आल्या. ‘कोड न्हाय गं, कोडु म्हंतोय. कोडु म्हंजी दे.’

काय दे? मी पाणी दिलं, टॉवेल दिला, चष्मा दिला, खिडकी उघडली. सगळ्याला ब्याड. हळूहळू त्यांनी म्हणायचं सोडून दिलं.

मग मुदत संपायच्या आधीच ते भोक दुसऱ्या कुणाला तरी सापडलं. मला ते मेलवरून कळलं. ओळीनं येऊ लागले. आमची साइट फोडली. आमची बंद पडली. एका दूरदेशातल्या बाईंनी लिहिलं होतं, त्या एका दवाखान्याची वेबसाइट सांभाळतात, रुग्णांना वेळ घेता येत नाही, तुम्ही कुठं आहात? रागाचे मेल मी सहन केले. ह्या बाईंनी काहीच वाईट लिहिलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं, कुठं आहात. मी खोलीत बघितलं. ते कुशीवर वळून झोपले होते आणि अव्वा त्यांच्या पायाला तेल चोळत होत्या.

प्रोग्रॅम वापरणारे सगळे बघतात अशा जागी काहीतरी लिहायचं मी ठरवलं. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी केलं. लिहिलं की मी त्यांची पत्नी. त्यांना पक्षाघात झालाय, ते बोलू शकत नाहीत, लिहू शकत नाहीत. किल्ली उघडत नाही. दुरुस्ती तयार आहे पण देता येत नाही. आम्हाला माफ करा.

लोकांचा राग एका दिवसात निवला. कितीतरी जणांनी चांगलं लिहिलं, काहींनी आपापल्या भाषेत प्रार्थना लिहिली. पण सर्व्हर फुटायचे काही थांबले नव्हते. मग त्या परदेशी माणसाचा मेल आला, ज्यानं भोक शोधलं होतं. तो म्हणत होता, सगळा कोड उचलून, दुरुस्त करून, दुसऱ्या नावानं, माझ्या सहीनं मी देऊ शकतो. लोकांनी जुना काढून नवीन बसवावा. ह्याला परवानगी लागत नाही, त्यांनीच ती आधी देऊन ठेवली आहे. तरीही विचारतो.

मी तो मेल घेऊन खाटेपाशी बसले. अव्वांना मराठीत सांगितलं, त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. ह्यांनी सुरू केलेलं काम आता दुसरा माणूस पुढं नेणार, नाव दुसरं असणार, असं काहीतरी त्या सांगत होत्या. अव्वांना स्वतःला किती कळलं होतं कोण जाणे. मग मी नवऱ्याकडं वळले.

‘देऊ का?’ मी विचारलं.

‘कोडु,’ ते म्हणाले.

तो होकार होता की त्या दिवसातला त्यांना जमणारा एकच शब्द होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी होकार धरला. तसं कळवलं.

नवीन प्रोग्रॅम आला, लोकांनी बसवला. पुण्याच्या सहकाऱ्यांनी फोन करून सांगितलं, वहिनी, एक शेवटचं काम आहे आणि ते तुम्हालाच करावं लागेल. जुना प्रोग्रॅम जिथून मिळतो त्या पानावर सूचना हवी, नाहीतर नवीन लोक अजून तोच उचलत राहतील. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं.

शाळेतून आल्यावर दुपारी मी नवऱ्याचं बोट परत टेकवलं. ह्या वेळी आधी विचारून. पान उघडलं. वर प्रोग्रॅमचं नाव होतं, खाली तो कसा वापरायचा ते त्यांनी सोप्या इंग्रजीत समजावून लिहिलं होतं, मधेच एक विनोदही होता. त्या सगळ्याच्या डोक्यावर मी लाल अक्षरांत लिहिलं, हा प्रोग्रॅम आता सुरक्षित नाही, कृपया वापरू नका. बटण दाबायच्या आधी मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल रंग दिसत होता. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी बटण दाबलं.

फोन त्यानंतर शांत झाला. मला वाटलं होतं, मेल थांबले की हलकं वाटेल. घरात आवाजच उरला नाही. आता ते काठी धरून अंगणापर्यंत जातात. फिजिओथेरपीवाले सुधारणा आहे म्हणतात. मराठी आली नाही. कंपनीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, तेही रीतसर कळवून, सभ्यपणानं.

मी अव्वांकडून कन्नड शिकतेय. भाकरी थापता थापता त्या एक-एक वाक्य सांगतात, मी म्हणते, आणि माझ्या उच्चारांना त्या हसतात. परवा पहिल्यांदा धीर करून मी जेवणानंतर नवऱ्यापाशी गेले आणि विचारलं, ‘ऊटा आतेनु?’ जेवण झालं का.

त्यांनी दचकून वर बघितलं. मग नीट बसले, शर्ट सारखा केला, आणि म्हणाले, ‘आत री.’

झालं जी. अव्वांनी मला शिकवताना सांगितलं होतं, मोठ्या माणसांशी, परक्यांशी बोलताना शेवटी ‘री’ लावायचं. आईशी त्यांनी कधी ते लावलं नाही, मला लावलं. त्या भाषेत बायकोशी कसं बोलायचं, हे ठरवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

मी ताट उचललं आणि आत गेले.