शेंगदाण्यांचा दाखला

सातपूरच्या बसथांब्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर रोज दिसायचे. अंगात स्वेटर, खिशाला दोन पेनं आणि हातात चिवड्याची पुडी. शेंगदाणे मात्र वेचून शेवटी खायला ठेवायचे.

त्या सोमवारी त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. मी कारखान्यात मशीन दुरुस्त करायचो. शुक्रवारी साहेबांशी माझं वाजलं आणि शनिवारी नेमकी तीन मशीन बंद पडली. मीच मुद्दाम काहीतरी केलं, असा साहेबांचा संशय.

"एरवी आठवड्याला किती बंद पडतात?"

"तीनेक."

त्यांनी चौकटीच्या वहीचा कागद पसरून जपून ठेवलेले शेंगदाणे त्यावर उधळले. बऱ्याच चौकटी रिकाम्या, काहींत एकेक, कोपऱ्यातल्या एकीत तीन.

"सगळे सारखे पडले असते, तर मी म्हटलं असतं, कुणीतरी हाताने मांडलेत." मग तिकिटामागे आकडेमोड केली. "योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी अशाच पडतात, कुठे एकही नाही, कुठे तीन. याला पॉइसाँचं वितरण म्हणतात. एकाच दिवशी तीन, असं वर्षात चारेकदा व्हायलाच पाहिजे. साहेबांना बिघाडांचं रजिस्टर काढायला लावा."

साहेबांनी कुरकुरतच काढलं. मागच्या वर्षभरात तसे चार दिवस निघाले. त्यातल्या दोन दिवशी मी रजा घेऊन नांदगावला होतो. साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि चहा मागवला.

संध्याकाळी पेढे घेऊन थांब्यावर गेलो. "म्हणजे माझी चूक नव्हतीच!"

"गणित एवढंच सांगतं," पेढा मोडत ते म्हणाले, "तुम्ही नसतात, तरी हे झालं असतं."

आपण नसतो तरी चाललं असतं, हे ऐकून इतकं हलकं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.