दहाचे पाच

प्रोजेक्ट मॅनेजरकीचा पहिला धडा मला साहेबांनी अर्ध्या मिनिटात दिला. "कोणी दहा दिवस सांगितले की पाच लिहायचे. माणसं दुप्पटच सांगतात. आपण सज्जन नाही, मॅनेजर आहोत." साहेब शनिवार पेठेतले. अपमानसुद्धा शुद्ध मराठीत आणि 'आपण' म्हणून करायचे.

तेव्हा पुण्यात अमेरिकेची कामं धडाधड येत होती आणि दोन वर्षं कोड लिहिलेल्या कुणाच्याही हाती टीम देत. मला सहा जणांची मिळाली. त्यांतला एक माझा रूममेट, यवतमाळकडचा. धायरीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. कॉलेजात डेटाबेस मला त्यानेच शिकवला होता, पण नोकरी मला आधी लागली. तो अजून प्रोबेशनवर होता. हे काम वेळेत झालं तरच कायम होणार होता.

पहिल्या मीटिंगमध्ये मी प्रत्येकाला दिवस विचारले. पाच जणांनी रिवाजाप्रमाणे दुप्पट सांगितले. हा कागदावर बराच वेळ काहीतरी मांडत बसला आणि म्हणाला, "दहा."

ते खरे दहा होते, हे मला ठाऊक होतं. या माणसाला वाढवून सांगणं जमतच नसे. स्वारगेटला पोचायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाला, तर चाळीसच लागत. तरी मी पाच लिहिले. रूममेटला सूट दिली असं कोणी म्हणायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला साहेबांची शाबासकी हवी होती, बाकी काही नाही.

तक्ता बघून तो माझ्या टेबलाशी आला. "दहा सांगितले होते ना बे मी?"

"सगळ्यांचेच निम्मे केलेत."

"पण मी दुप्पट नव्हते सांगितले."

"मग सांगायचे होतेस," मी म्हणालो. तोंडातून हे किती सहज गेलं, याची आजही लाज वाटते.

बाकीच्यांनी मधल्या वेळात कॅरम खेळूनही कामं वेळेत दिली. त्याने दहाव्या दिवशी सकाळी दिलं. त्यात एकही चूक निघाली नाही. पण अहवालात चुकांचा रकाना नव्हता, रंगाचा होता. त्याच्या नावापुढे उशिराचा लाल रंग मी माझ्या हाताने भरला.

साहेबांनी बोलावलं. "हे गृहस्थ आपल्या ओळखीचे का?"

"कामापुरते."

"उत्तम. मग त्यांना आपणच कळवा. शिकायला मिळेल."

दुपारी काचेच्या खोलीत मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की त्याला कायम करत नाही आहोत. त्याने एकच विचारलं, "कामात काही खोट निघाली का?" मी नाही म्हणालो. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, तोही मी विचारला. हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवायला किती दिवस लागतील?

त्याने माझ्याकडे बघितलं. काम दोन दिवसांचं होतं, दोघांनाही माहीत होतं.

"चार," तो म्हणाला.

मी दोन लिहिले.