थकल्या पायांचा तोल

वाळूजच्या कारखान्यात मी असेंब्ली लाइनवर उभ्यानं काम करते. गेल्या वर्षी एका दुपारी शिफ्ट संपवून घराजवळ बसमधून उतरताना पाय टाकला आणि थेट रस्त्यावर पडले. गुडघा सोलला. महिन्यातली ही तिसरी खेप होती.

"चक्कर आली असंल," नवरा म्हणाला. पण चक्कर नव्हती. बीपी, साखर, सगळं ठीक निघालं. मनात मात्र भलतेसलते आजार येत होते.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. तिनं मला एका पायावर उभं राहायला सांगितलं. मी आरामात राहिले.

"मग मी पडते कशी?"

"आज सुट्टीची सकाळ आहे, ताई, पाय ताजे आहेत. उद्या शिफ्ट सुटली की थेट या."

दुसऱ्या दिवशी मी गणवेशातच गेले. तोच पाय, तीच फरशी. पण घोटा लटपटायला लागला आणि टेबल धरावं लागलं. ती म्हणाली, "बघितलं? थकलेला स्नायू नुसता दुखत नाही. पाय कुठं, कसा पडतोय याची खबर मेंदूला नीट पोचत नाही, आणि सावरायला उशीर होतो."

एवढंच? मला तिथंच रडू आलं. सुटल्याचं रडू होतं ते.

तिनं व्यायाम दिले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, फरशीच्या रेघेवर पावलापुढं पाऊल ठेवत चालायचं. सासूबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मला बी शिकव की." त्यांचाही तोल जायचा, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

कारखान्यात सुपरवायझरांना म्हटलं, दर दोन तासांनी बसून करायचं काम आलटून पालटून द्या. ते कुरकुरले. "सर, एका पायावर उभं राहून बघा," मी म्हटलं. सकाळपासून लाइनवर फेऱ्या मारून तेही थकलेले. डुलले, आणि कपाट धरलं. पुढच्या आठवड्यात आमच्या लाइनवर दोन स्टुलं आली.

यंदाच्या थंडीत सासूबाईंना घेऊन वेरूळला गेले. लेण्यांच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. निम्म्यात माझ्या पोटऱ्या थरथरल्या.

"बसू या का?" त्यांनी विचारलं.

"बसू या."

पूर्वी मी लाजेनं तशीच पुढं रेटत गेले असते. आम्ही पायरीवर बसून एक पेरू अर्धा अर्धा खाल्ला आणि मग सावकाश बाकीच्या पायऱ्या उतरलो.