चौथ्या नंबरला मिळेलच

धर्मराज रामटेकेने हापूसच्या दोन पेट्यांवर पोटची पोरगी विकली, ही बातमी मी अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आपल्या भारतीय दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडताना ऐकली. सांगणाऱ्या बाईंनी आवाज अगदी हळू केला होता, म्हणजे डाळींच्या रांगेपर्यंतच पोचत होता. मीही मान हलवली, "अरेरे, काय दिवस आलेत" म्हटलं आणि घरी येईपर्यंत गाडीत एकटाच हसत होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी त्याचा शेजारी, दोघांच्या बॅकयार्डमध्ये एकच लाकडी कुंपण. पण इतकी सुरेख बातमी तिथल्या तिथे मोडायची म्हणजे जिवावर येतं.

तर खरं असं. पेटी एकच होती. तीसुद्धा सौद्यातली नव्हे. दरवर्षीसारखी सगळ्यांनी मिळून ऑर्डर दिलेली, आणि ज्याच्याशी सौदा झाला तो अमेय नेमका सौद्याच्याच दिवशी ती पोचवायला त्याच्या दारात आला, इतकंच. आणि धर्मराजने पोरगी विकली नाही. त्याने पहिला नंबर विकला. पोरगी त्या नंबराबरोबर गेली, हे त्याला मागाहून कळलं.

हा धर्मराज मूळचा नागपूरचा, डेटाबेस सांभाळणारा माणूस. इकडे येण्याआधी सहा वर्षं मेलबर्नला होता. तिथून येताना लोक लोकरीचे कोट आणतात, याने एक खेळ आणला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट चेंडू, हाताने ढकला, पायाने मारा. गोलाला चार खांब, जाळी नाही. लाथेने आलेला चेंडू हवेत नीट झेलला की त्याला म्हणायचं 'मार्क'. मग बाकीच्यांनी बाजूला व्हायचं आणि तुम्ही आरामात गोलावर किक मारायची. झेलताना समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढलात तरी चालतं. हे चालतं म्हटल्यावर आमचे आयटीवाले वेडेच झाले. आठवडाभर मीटिंगमध्ये 'शुअर, शुअर' म्हणणाऱ्या माणसाला शनिवारी कुणाच्या तरी खांद्यावर चढायला मिळतं, आणखी काय पाहिजे?

बघता बघता चार टीम झाल्या. धर्मराजची 'नीलगाय', निळा शर्ट. अमेयची 'गरुड'. हा अमेय ठाण्याचा, वयाने लहान, केस जागच्या जागी, आणि दर वर्षी चषक त्याच्याच घरी. उरलेल्या दोन टीम या गोष्टीत फार काही करत नाहीत.

दर शनिवारी सकाळी धर्मराजच्या ड्राइव्हवेवर गाड्या लागतात, त्यातली एक हमखास माझा मेलबॉक्स अडवते. त्याची बायको मीरा तर्री-पोहे करते. तो वास कुंपण ओलांडून येतो, पोहे येत नाहीत. माझ्या लॉनला मी वर्षातून चारदा खत घालतो, तरी ते पिवळं. त्याच्या लॉनवर चाळीस बूट नाचतात आणि ते हिरवंगार. आमची मालिनी, जिने लग्नानंतर मला संत्र सोलून दिल्याचं स्मरत नाही, ती डबा भरून संत्र्याच्या फाका कापून मैदानावर नेते. मेलबर्नची रीत आहे म्हणे, शेवटच्या डावाआधी खेळाडूंना संत्री द्यायची. नागपूरचा माणूस संत्री मेलबर्नहून शिकून येतो आणि आमच्या बायका ती कापतात! असो.

आता नंबराची भानगड. दर एप्रिलमध्ये नवीन लोक येतात, त्यांची एक दिवस मैदानावर चाचणी होते आणि मग कॅप्टन त्यांची वाटणी करतात. त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. गेल्या वर्षी जी टीम शेवटची आली तिने सगळ्यात आधी निवडायचं, जिंकलेल्या टीमने सगळ्यात शेवटी. म्हणजे 'नीलगाय'चा नंबर पहिला, 'गरुड'चा चौथा. नंबर आणि खेळाडू आपसात बदलता येतात, ड्राफ्टच्या तोंडावर किंवा सीझन संपल्यावरच्या एका आठवड्यात.

या वर्षीच्या नव्या लोकांत धर्मराजची मुलगी मैत्री होती. वय एकोणीस, शिकायला अथेन्सला (ग्रीसमधलं नव्हे, इथलंच, दीड तासावरचं), उन्हाळाभर घरी, एरवी एखादा शनिवार-रविवार. धर्मराजच्या गुडघ्याने दोनदा दगा दिलेला. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक-दोन वर्षं खेळा, मग प्रेक्षकांत बसा. तेव्हा बाप-लेक एका शर्टात खेळायचे तर ते आत्ताच. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती घरी असली की रोज संध्याकाळी दोघं मागे किक मारत, आणि माझ्या दोडक्याच्या मांडवाला त्याचा प्रसाद मिळे.

कुणी म्हणेल, मग मुलीसाठी वेगळा नियम नव्हता का? मेलबर्नला असतो. जुन्या खेळाडूच्या मुलांवर त्याच्या टीमचा पहिला हक्क. आमच्याकडेही तो आणायचा विषय निघाला होता, तेव्हा हाच धर्मराज उभा राहून म्हणाला, "आपल्याकडे घराणेशाही काय कमी होती की इथं पण आणता? ज्याचा खेळ चांगला त्याला घ्या. बापाचं नाव कशाला विचारता?" टाळ्या पडल्या. नियम पडला.

तरी काही बिघडलं नव्हतं. पहिला नंबर हातात होता. नाव पुकारायचं, शर्ट द्यायचा, संपलं. पण हिशेबी माणसाला सरळ मिळालेलं गोड लागत नाही.

"भाऊ, ऐका," तो कुंपणावर हनुवटी टेकवून मला म्हणाला, "पहिल्या नंबराला सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलंय. नाशिकचा एक सहा फुटी पोरगा आलाय, बास्केटबॉलवाला. अमेयला तोच पाहिजे असणार. मी त्याला पहिला देतो, त्याचा चौथा घेतो, आणि वर संजय घेतो."

संजय म्हणजे 'गरुड'चा सगळ्यात भरवशाचा गडी.

"आणि मैत्री?" मी विचारलं.

"ते तर चौथ्या नंबरला मिळेलच ना. तिला कोण घेऊन राहिलं मधात? लोकांना वाटते, बापाच्या हौसेखातर आली. चाचणीच्या दिवशी डावा पाय वापरू नको म्हणून सांगितलंय मी तिला."

मैत्रीने ऐकलं. दिवसभर उजव्या पायाने मारत राहिली, चेंडू इकडे तिकडे गेले, लोक "होईल, होईल" म्हणाले. धर्मराज झाडाखाली उभा राहून गालात हसत होता. फक्त एक गोष्ट तो विसरला. मागचं अख्खं वर्ष त्याने स्वतःच, वाढदिवस असो, बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम असो की कुणाची सत्यनारायणाची पूजा, दिसेल त्याला गाठून फोनवर दाखवलं होतं: बघा, मैत्रीचा डावा पाय, पन्नास मीटर! अमेयने ते तीनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा तर स्वतः मागून घेऊन.

आंब्याची पेटी घेऊन आला त्याच दिवशी अमेयने सौदा मान्य केला, आणि ड्राफ्ट रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये झाला. मीही गेलो होतो. समोसे होते आणि त्यापेक्षा चांगलं काहीतरी घडणार असा वास होता. अमेय उभा राहिला, केसांवरून हात फिरवला.

"पहिला नंबर, गरुड. मैत्री रामटेके."

धर्मराजच्या हातात चटणीची वाटी होती. ती त्याने फार काळजीने खाली ठेवली.

"अबे, तो नाशिकचा पोरगा?" त्याने विचारलं.

"तो छान आहे, दादा," अमेय गोड आवाजात म्हणाला, "पण डावा पाय कुठे आहे त्याच्याकडे?"

त्या संध्याकाळी मी दोडक्याला पाणी घालत होतो. नेहमीपेक्षा जरा जास्त घातलं. मैत्री एरवी इंग्रजीत बोलते. मराठीत आली की समजायचं, प्रकरण तापलंय. ती मराठीत होती.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मला दुसरं कोणी घेणारच नाही?"

"तसं नाही बेटा, मी तर तुझी किंमत लपवत होतो."

"कोणापासून? अमेयदादाला माहीत होती. तुम्हीच मला चौथी ठेवली, बाबा."

मीराने मध्येच विचारलं, "आणि संजय आला तर पोह्यांना अजून किती जण वाढतील?" त्यावर कुणी हसलं नाही. मी हसलो, पण मी कुंपणाच्या अलीकडे होतो.

संजय 'नीलगाय'कडून दोन मॅच खेळला, झकास खेळला. मग मे महिन्यात भावाच्या लग्नाला भारतात गेला आणि व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकला. कागद पुन्हा तपासायला घेतले म्हणे. धर्मराजने सौद्याआधी त्याचा गुडघा तपासला होता, खांदा तपासला होता, दम तपासला होता. पासपोर्ट बघितला नाही. स्वतः दहा वर्षं ते स्टॅम्पिंग भोगलेला माणूस! संजयही नागपूरचाच; तिथल्या कुठल्याशा मैदानाजवळ बसून मॅचचे स्कोअर विचारत राहिला, आणि 'नीलगाय' हरत राहिली.

पण हरण्याचं धर्मराजला विशेष नव्हतं. त्याला जाळत होता तो अमेय. मैत्री गोल करायची आणि धावत जाऊन अमेयच्या हातावर टाळी द्यायची.

"त्याला लाडानं 'कॅप' म्हणते, कॅप्टनचं," धर्मराज मला म्हणाला. "घरी मला हाक मारायची तर खालून मेसेज करते."

"शिकवतो म्हणे चांगलं."

"काय शिकवते तो? तो डावा पाय माझा आहे."

"पाय तिचा असेल ना, रामटेके?"

"शिकवलेला माझा आहे!"

मला वाईट वाटलं असतं, पण त्याच वेळी पलीकडून पोह्यांचा वास आला.

ऑगस्टमध्ये दोन्ही टीम समोरासमोर आल्या. मैत्रीला आवरायला 'नीलगाय'त कुणी उरलं नव्हतं, तेव्हा गुडघ्याला पट्टी बांधून धर्मराज स्वतः तिच्यासमोर उभा राहिला. तिसऱ्या डावात अमेयने उंच किक मारली. दोघांनी वर पाहिलं. धर्मराजने पाय रोवले, आणि मैत्री त्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून अशी वर गेली की मालिनीच्या हातातला संत्र्यांचा डबा कलंडला. मार्क! बाप खाली गवतात, लेक चेंडू घेऊन उभी. तिने त्याला हात देऊन उठवलं, इंग्रजीत 'सॉरी' म्हणाली आणि पुढच्या मिनिटाला डाव्या पायाने गोल केला. धर्मराजचा हात टाळी वाजवायला वर आला होता. आपल्या शर्टाचा रंग बघून त्याने तो कमरेवर ठेवला.

'नीलगाय' पुन्हा शेवटची. म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिला नंबर पुन्हा धर्मराजचा. आणि या वेळी तो नंबर म्हणजे सोन्याची वीट. मेलबर्नमध्ये खऱ्या क्लबकडून खेळलेला एक तरुण अटलांटात बदली होऊन येणार होता, आणि त्याने आमच्या लीगमध्ये नाव घातलं होतं. तो ज्या टीममध्ये जाईल ती जिंकणार, यात कुणाला शंका नव्हती. 'नीलगाय'च्या पोरांनी त्याच्यासाठी शर्टही शिवायला टाकला.

सप्टेंबरमध्ये नंबर बदलायचा आठवडा उघडला आणि अमेय धर्मराजच्या डेकवर येऊन बसला.

"दादा, पहिला नंबर द्या, मैत्री घ्या."

'नीलगाय'ची सगळी टीम तिथंच होती. एकदम कालवा झाला. "दादा, प्लीज, नको!" "ती जूनमध्ये इंटर्नशिपला जाणार, अर्धा सीझनही मिळायची नाही!" "दादा, मागच्या वेळी काय झालं ते आठवा!" सगळं खरं होतं. गुडघा आणखी वर्षभराने जुना होणार, पोरगी फार तर पाच-सहा मॅच खेळणार, आणि हातातली जिंकायची खात्री समोरच्याला द्यायची.

अमेयलाच बहुधा लाज वाटली. तो म्हणाला, "बरं, माझा चौथा नंबर पण घ्या, वर म्हणून."

"नको," धर्मराज म्हणाला. "तिच्यावर वर काही नको. पहिला नंबर, आणि मैत्री. बस."

खेळाडूची संमती लागते. मैत्री अथेन्सहून शनिवार-रविवारसाठी आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. तिने बापाला चांगलं ताटकळवलं. आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली.

"ओके," ती म्हणाली. मग मराठीत: "पण चेंडू मिळाला की मला पास द्यायचा, बाबा. स्वतः हिरो नाही व्हायचं."

टीममधले दोघं रागावून पोहे न खाता निघून गेले. बाकीच्यांनी त्यांचेही खाल्ले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडे पुन्हा किका सुरू झाल्या, धप्प, धप्प, आणि चेंडू थेट माझ्या दोडक्यात. मी तो उचलून कुंपणावरून दिला आणि म्हणालो, "रामटेके, कमाल आहे. दोन वर्षांचे दोन पहिले नंबर घालवलेस, आणि मिळालं काय, तर जे तुझ्या घरात फुकट होतं ते."

मैत्री पलीकडे बुटाची लेस बांधत होती. धर्मराजने चेंडू काखेत धरला आणि म्हणाला,

"घालवले ना, भाऊ. पण तुम्हाला आजपर्यंत कोणी शेवटच्या नंबराला तरी मागितलं का?"