चालण्याचं औषध

माझ्या आईला साखर निघाली ती आम्ही तिला सुखात ठेवल्यावर. तोवर तिला काही निघायला फुरसतच नव्हती. पहाटे उठून केळीला पाणी सोडायचं, भाजी खुडायची, डोक्यावर टोपली घेऊन आमच्या नंदाखालहून विरारच्या बाजारात चालत जायचं आणि येताना त्याच टोपलीत घरचं सामान घालून चालतच परत यायचं. मग आम्ही मुलं शिकलो, नोकरीला लागलो, आणि शिकलेल्या मुलांना जे पहिलं सुचतं तेच आम्हाला सुचलं. आईला आता आराम द्यायचा. विहिरीवर पंप बसवला, वाडीच्या कामाला माणूस ठेवला, टोपली माळ्यावर टाकली. आई ओट्यावर बसली. काही वर्षांतच तिचं वजन वाढलं, तहान वाढली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तपासणीत साखर सापडली. आम्हा भावंडांना मोठा धक्का बसला. एवढा आराम देऊनसुद्धा?

विरारला एक नवे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे मी तिला घेऊन गेलो. त्यांच्या भिंतीवर एक चित्र होतं. एक विलायती म्हातारा आणि म्हातारी, दोघांचेही सगळे दात शाबूत, अर्ध्या चड्ड्या घालून समुद्रकाठी पळताहेत. आमच्या राजोडीच्या किनाऱ्यावर या वयाचं कोणी असं पळालं असतं तर कुत्री तरी मागे लागली असती नाहीतर फादरांना बोलावणं गेलं असतं. डॉक्टरांनी खाण्याचा कागद दिला. त्यात सफरचंद होतं, ब्राउन ब्रेड होता, साय काढलेलं दूध होतं. केळं बंद, भात बंद, सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, तर नावसुद्धा काढायचं नाही. जिच्या दारापासून कुंपणापर्यंत केळीच केळी, तिला हे सांगणारा माणूस. बाहेर आल्यावर आईनं मला विचारलं, हा डॉक्टर कुठला? मी म्हटलं, देशावरचा. तिनं मान हलवली. तिच्या दृष्टीनं खुलासा झाला होता.

पण डॉक्टरांनी खरा जोर दिला होता तो चालण्यावर. रोज पाऊण तास, सलग, हात हलवत. गोळी विसरलात तरी एक वेळ माफ, चालणं विसरायचं नाही, असं ते म्हणाले. मला हे औषध फार आवडलं. एक तर करायचं तिला होतं, मला नव्हे. दुसरं म्हणजे जन्मभर चाललेल्या बाईला चालायला काय लागतं, असं मी समजत होतो. मी शाळामास्तर. दुसऱ्याला काय अवघड जातं ते आम्हाला सहसा कळत नाही.

आमच्या गावात माणूस चालतो तो कशासाठी तरी. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘कुठं चाललास’ असं विचारतो, आणि ती रामराम करण्याची पद्धत नव्हे, ती चौकशी असते. उत्तर पटलं नाही तर पुढचा प्रश्न येतो. नुसतं चालायला म्हणून चालणारी माणसं आम्ही पाहिली ती स्टेशनकडच्या नव्या बिल्डिंगांतली. भर उकाड्यात माकडटोपी घालून, कवायतीसारखे हात फेकत, मोठमोठ्यानं एकमेकांना आपल्या पोटाची हकिगत सांगत ती सकाळी आमच्या वाड्यांच्या रस्त्यानं जायची. नळावरच्या बायका त्यांना पाहून पदर तोंडाला लावायच्या. यांची म्हैस हरवली आहे आणि घरी सांगायची चोरी आहे, असा शोध त्या बायकांपैकी एकीनं लावला होता. ती एक म्हणजे आमची आई.

आता तिलाच निघायचं होतं. मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. बुटांवर जुनं लुगडं बरं दिसेना म्हणून तिनं सणाला-मयताला नेसायचं ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं आणि दुपार कलल्यावर मोकळ्या हातांनी बाहेर पडली. चार घरं सोडून क्रुसाजवळ काकीचं घर. ही काकी आईची जन्माची सोबतीण. दोघींनी एकत्र टोपल्या वाहिल्या, एकत्र भांडणं केली, आणि एकमेकींच्या बाळंतपणाला एकमेकींनी शेक दिले. काकी ओट्यावर बसली होती. आमच्या घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर पुण्याच्या वाचकाला दुभाषा लागेल, म्हणून जरा सौम्य करून लिहितो.

“कोन गेलं गो?” काकीनं विचारलं.

कोणी नाही, आई म्हणाली. मग चाललीस कुठं? कुठं नाही. काकीला संशय आला. ठेवणीतलं लुगडं, मोकळे हात, भलती वेळ, आणि सांगत नाही म्हणजे नक्कीच जवळचं कोणीतरी. आई देवळापर्यंत, म्हणजे आमच्या चर्चपर्यंत, पोचेतो दोन बायका डोक्यावर पदर घेऊन रस्त्यावर आल्या होत्या आणि मयताची घंटा अजून का वाजली नाही म्हणून एकीनं देवळात विचारणा केली होती. संध्याकाळी लांबचे एक नातेवाईक आमच्या दारात हजर. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं, मग माझ्या बायकोला, आणि सगळे जिवंत आहेत हे पाहून जरा हिरमुसलेच. आईनं बूट काढून कोपऱ्यात फेकले आणि उद्यापासून आपण जाणार नाही असं जाहीर केलं.

पण ती हुशार बाई. दोन दिवसांनी तिनं स्वतःच तोड काढली. चालायचं तर कारण हवं ना? मग आजाऱ्यांना भेटायला जायचं. आजाऱ्याला भेटणं हे पुण्याचंही काम, आणि आमच्या गावात आजाऱ्यांना तोटा नव्हता. कोणाचे गुडघे, कोणाचा दमा, कोणाची सून. पिशवीत नारळ नाहीतर केळ्याची फणी घालून ती रोज निघू लागली. आता रस्त्यात विचारलं की ती ताठ मानेनं सांगायची, अमकीला बघायला चालले. परतीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम काकीकडे, रोजचा.

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगायचो. आमची आई, सत्तरीला टेकली, पण रोज चालते. सहकाऱ्यांच्या आया घरी बसून होत्या, त्यांना मी उपदेशही केला. दोन महिन्यांनी साखर तपासली तर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी पडतंय, तासभर करा. आईनं नंदाखाल ओलांडून राजोडीच्या बाजूचे आजारी धरले. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि चालणंही वाढवलं. आई जितकी चालेल तितकी साखर चढे, असा प्रकार त्यांच्या पुस्तकात नसावा. त्यांनी माझ्याकडेच संशयानं पाहिलं. मी तिला चोरून मिठाई देत असेन असं त्यांना वाटलं असावं.

एक दिवस शाळा लवकर सुटली आणि सायकलवरून राजोडीकडे गेलो. एका अंगणात आई बसलेली, हातात चहाची बशी. समोर डिशमध्ये केकचा तुकडा, सणाच्या उरलेल्या तळलेल्या गोड फुग्या. आजारी बाई खाटेवर होती आणि तीही बशी फुंकत होती. ते तिचं त्या दिवशीचं तिसरं घर होतं. मी तिथं बोललो नाही, पण घरी आल्यावर माझा आवाज चढला. तिला काहीच गैर वाटत नव्हतं. डॉक्टरनं चालायला सांगितलं, मी चालते, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हटलं, निदान बिनसाखरेचा मागायचा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला त्या घरातून भांडी उचलून आणायला सांगितली होती. बिनसाखरेचा चहा मागायचा म्हणजे त्या घरात साखर नाही असं तोंडावर म्हणायचं. आणि चहा नको म्हणायचं म्हणजे तर भांडणच. हे सगळं मला शिकवलं नव्हतं का, असं तिनं विचारलं. शिकवलं होतं.

हा वाद चालू असतानाच माझ्या बायकोनं आईच्या पायाकडे बोट दाखवलं. उजव्या अंगठ्याशेजारचं बोट काळं-निळं होतं. जन्मभर अनवाणी नाहीतर साध्या चपलेत वावरलेल्या पायाला आमचे आरोग्याचे बूट चावले होते. फोड कधी आला, कधी फुटला, तिला पत्ताच नव्हता, कारण दुखत नव्हतं. दुखत नव्हतं हेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले. साखर खाली आली नाही तर बोट जाईल, आणि बोटावर थांबलं नाही तर पाय. आणि हो, चालणं ताबडतोब बंद. ज्या माणसानं तिला गावभर पिटाळलं त्यानंच हे शांतपणे सांगितलं, वर पुन्हा खाण्याचा तोच कागद दिला.

आई खाटेवर पडली आणि सव्याज परतफेड सुरू झाली. ज्यांना ज्यांना ती बघून आली होती ते सगळे आजारी बरे होऊन तिला बघायला आले. गुडघे आले, दमा आला. कोणी केळी आणली, कोणी नानकटाई, एकीनं तर सुकेळ्यांचा पुडा उशाशीच ठेवला. प्रत्येकाला चहा, आणि पाहुण्याबरोबर यजमानिणीनं घोटभर घ्यायचाच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. घरातली साखर मी बरणीसकट शेजारच्या भावाकडे नेऊन ठेवली आणि बायकोला सांगितलं, जो येईल त्याला बिनसाखरेचा चहा, मग तो फादर असो नाहीतर सभापती.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. मास्तराच्या घरात साखर नाही. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण माझ्या बायकोच्या हातून घ्यायची, औषधही, मी खोलीत शिरलो की भिंतीकडे तोंड. एकदाच बोलली. “पाय कापला तर कापला. पन लोक आपल्या घरून तोंड वाकडं करून जातात, ते मला बघवत नाय.” मला खूप राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी साखर परत आणली नाही.

मग एका संध्याकाळी काकी आली. एवढ्या दिवसांत ती आली नव्हती, हे आईला मनातून लागलं होतं. चालताना ती जरा पाय ओढत होती. तिच्याबरोबर राजोडीची ती बाई आणि आणखी एक अशा दोघी होत्या. बायकोनं चहा आणला. त्या दोघींनी घोट घेतला आणि एकमेकींकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले. काकी मात्र सबंध कप प्यायली, बशीत सांडलेलंही प्यायली, आणि अजून आहे का म्हणून विचारलं. किती दिवसांनी असा चहा मिळाला, ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की तिलाही साखर आहे, फार वर्षं आहे. मग राजोडीची बाई म्हणाली, मलापण. तिसरीनं कप पुढे केला.

म्हणजे इतके महिने या सगळ्या म्हाताऱ्या, आपापला आजार पदराखाली झाकून, एकमेकींना वाटीवाटीनं साखर पाजत होत्या. तीही आरोग्यासाठी. मला हसू आलं, मी मोठ्यानं हसलोसुद्धा, आणि काकीला विचारलं की बाई, एवढं लपवायचं काय होतं त्यात.

“सुनंला सांगितलं तर ती माझा चहा बंद करील,” काकी म्हणाली. “मंग हिला काय देऊ, ही रोज येते ती?”

त्या दोघी गेल्यावर काकी बसून राहिली. मग तिनं लुगडं जरा वर करून पायाला गुंडाळलेली चिंधी सोडली. आईनं खाटेवरून वाकून पाहिलं आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. रिक्षा आन, ती म्हणाली, आत्ता.

आईचं बोट गेलं, पाय राहिला. काकीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने आधी आला असतात तर एवढं काढावं लागलं नसतं. काकीच्या मुलांनी आपण आईला किती सुखात ठेवलं होतं ते सगळ्यांना सांगितलं.

जखम भरल्यावर आई पुन्हा चालायला लागली, साध्या चपलेत, फक्त काकीच्या घरापर्यंत आणि परत. विरारचे डॉक्टर तिचा रिपोर्ट पाहून खूष झाले आणि हा चालण्याचा गुण आहे असं दुसऱ्या पेशंटांना सांगू लागले. काकी खाटेवर बसून रोज तिच्यासाठी सुनेला चहा टाकायला सांगायची, आता उघडपणे बिनसाखरेचा. आई घ्यायची नाही. पाणीसुद्धा घ्यायची नाही. काकीला ते फार लागायचं, हे सून मला दोनदा सांगून गेली. शेवटी मी आईला रागावलो. म्हटलं, साखर नाही, काही नाही, घोटभर घेतलास तर काय बिघडलं? आता कसला हट्ट?

आई चपला काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तेव्हा मी रोज गेली नसती तर ती तो गोड चहा प्याली असती का?” ती म्हणाली. “एकटीसाठी कोन चहा करतं?”